कडीबाई

कडीबाई कोणाच्याही घरात शिरली की आधी दारातल्या चपला उलट्या करून पाही. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे यावरून घरातलं म्हातारं माणूस कोणत्या पायावर भार देतं आणि पडलंच तर कुठल्या अंगावर पडेल, हे ती सांगे. बसा म्हटलं तर बसत नसे, चहा विचारला तर नको म्हणे. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आता ती नाही म्हणून हे मत मी बदलणार नाही.

ती आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स. निवृत्तीनंतर धामणगाव बढ्यातली सगळी म्हातारी माणसं तिने स्वतःच्या ताब्यात घेतली. या पदावर तिची नेमणूक कोणी केली हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात म्हातारं माणूस असलं की न्हाणीच्या दाराची आतली कडी ती पेचकसाने काढून घेऊन जाई. तिचं खरं नाव त्यामुळे मतदार यादीपुरतंच उरलं.

आमच्याकडे ती आली ती आबांमुळे. आबा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. ऐंशी ओलांडलेले. अंगणात घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "आणखी एकदा पडले, की मी त्यांना इकडे घेऊन येणार." आबा पूर्वी एकदा त्याच्याकडे सहाव्या मजल्यावर महिनाभर राहून आले होते. "तिथी मले कोणी गुरुजी म्हणत नाही," एवढंच परत आल्यावर बोलले होते. या फोननंतर ते भिंतीला हात लावून चालू लागले, आणि कोणी पाहिलं की हात काढून घेऊ लागले. बायकोने ते पाहिलं आणि मला न विचारता कडीबाईला बोलावलं.

"तुमचा डावा पाय घासते, गुरुजी," बाई चप्पल हातात धरून म्हणाली.

"कोणं सांगितलं तुम्हाले?"

"तुमच्या चपलीनं."

"मी अख्खी शाळा चालवली आहे, बाई."

"शाळेत न्हाणी नव्हती."

मग तिने पायपुसणं उचलून अंगणात फेकलं, न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि कडी काढायला घेतली. मी मध्ये पडलो. माणसाला काही खासगीपण असतं, वगैरे. तिने पेचकस न थांबवता उत्तर दिलं. "लाज तुमची, हाड त्याईचं. मानूस आत पडलं तर दार तोडेपर्यंत जीव वाट पाहते का?" कडी खिशात टाकून तिने आबांना नियम सांगितला. दार नुसतं लोटायचं आणि आंघोळ होईपर्यंत आतून आवाज करत राहायचं. गाणं म्हणा, अभंग म्हणा.

"मी गाणाऱ्यातला नाही."

"मंग मले शिव्या द्या. पन बोलत राहा."

माझी नेमणूक दाराबाहेरच्या खुर्चीवर झाली. "तुम्ही वाचतच असता," ती मला म्हणाली. "इथी बसून वाचा. कान उघडे ठेवले तरी वाचता येते."

आबांनी दुसऱ्या दिवसापासून आज्ञेचं पालन केलं. मात्र शिव्या देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. तांब्या अंगावर पडला की एक शेरा. "सदर बाईस शिष्टाचाराचा स्पर्श झालेला नाही." तांब्या. "सदर बाईंचे वर्तन असमाधानकारक." तांब्या. "सुधारणेस वाव आहे, इच्छा दिसत नाही." स्वयंपाकघरात बायको भाकरी थापताना हसू दाबे. एकदा बाई स्वतः अंगणात उभी राहून सगळं ऐकत होती. "दम चांगला आहे," म्हणाली आणि निघून गेली.

एकच दिवस ती मला आवडली. गावात ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होता. कठडा नसलेल्या पायऱ्या चढून एकेका म्हाताऱ्याने मंचावर जायचं आणि शाल घ्यायची, अशी योजना होती. बाई पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली. "ज्याचे गुडघे चांगले, त्यानं खाली यावं," ती म्हणाली. प्रमुख पाहुणे हार सावरत उतरले. परतीच्या वाटेवर तिने माझ्या बुटांची नाडी सुटली म्हणून चार लोकांत मला झापलं, आणि आमचे संबंध पूर्ववत झाले.

एका सकाळी न्हाणीतून "सदर बाई" एवढंच आलं आणि पुढे काही नाही. मी परिच्छेद संपवला. हे कबूल करायला हवं. मग उठलो. दार बोटाने उघडलं. आबा स्टुलावरून घसरून भिंत आणि बादलीच्या मध्ये अडकले होते, डोळे अर्धे मिटलेले. बायकोने बाईला बोलावलं. तिने त्यांना तसंच आडवं करून पाय उंच ठेवले, नाडी धरली, डॉक्टर बोलावले. रक्तदाबाची गोळी जास्त होत होती. मोडलं काही नव्हतं.

नेमका तेव्हाच भावाचा फोन वाजला. मी तो उचलला. पलंगावरून आबा माझ्याकडे पाहत होते. बाईने माझ्या हातातून फोन घेतला. "पडले नाहीत. खाली बसले. मी इथीच उभी होती." तिने आयुष्यात सांगितलेलं हे एकमेव खोटं असावं. फोन परत देताना ती आबांकडे पाहत नव्हती.

"उद्याही बोलणार आहे मी," आबा पडल्या पडल्या म्हणाले.

"बोला ना. काऊन नाही."

गेल्या वर्षी ती चार दिवसांच्या तापाने गेली. तेराव्यानंतर तिची मुलगी एक डबा घेऊन घरोघर फिरली. डब्यात गावातल्या कड्या होत्या, प्रत्येक कडी कागदात गुंडाळून वर घराचं नाव, आणि आत तिचे चारही स्क्रू. आबांनी आपली कडी उलटीपालटी करून पाहिली. "बसवून देऊ का?" मी विचारलं. त्यांनी ती कोनाड्यात ठेवली.

दुसऱ्या सकाळी न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाण्याचा आवाज. एक तांब्या, दुसरा, तिसरा. शब्द नाही. मी पेपर खाली ठेवला, उठलो, दारावर हात टेकला.

"सदर बाई," आतून आवाज आला. मग बराच वेळ नुसतं पाणी. "आजपासून विनापरवानगी गैरहजर."