इटलीतली कबर

परवा ऑफिसात प्रिंटरमधून निघालेला गरम कागद हातात घेतला आणि त्या वासानं मला एकदम कोथरूडच्या सायबर कॅफेत नेलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. माझे आजोबा महायुद्धात इटलीला गेले आणि 'बेपत्ता' एवढीच तार आली. बाबा तेव्हा आजीच्या पोटात होते. तेव्हापासून आजी त्यांच्या नावानं रोज कुंकू लावत होती. परदेशात पुरलेल्या सैनिकांची यादी इंटरनेटवर मिळते असं कळल्यावर मी मोठ्या उत्साहानं बाबांना घेऊन गेले.

नाव टाईप केलं. पान वरून खाली, एकेक ओळ उघडू लागलं. बाबांनी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की खुर्ची थरथरत होती.

"राहू दे. बंद कर ते," ते म्हणाले.

पण तोवर नाव आलं होतं. पलटण, गाव, वडलांचं नाव, सगळं जुळत होतं. छापलेला कागद बाबांनी घडी घालून खिशात ठेवला.

"आजीला कळता कामा नये."

पण सकाळी मीच तिला सांगून आले होते.

खडकीला पोचलो तर ती दारातच उभी.

"सापडले का रे?"

"नाही गं आई."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. "बरं झालं," म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. आज कळतं, त्या दुपारी बाबांचे वडील गेले होते, आणि बाबांना कुणी जवळही घेतलं नाही.