मामेसासऱ्यांचा मुक्काम

पेणपासून रोह्यापर्यंत शेअरबाजार आणि बंडखोरी या दोन गोष्टी मुळात एकच आहेत असं मानणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. सैन्यात सुभेदार होते. नोकरीतली बरीच वर्षं ईशान्येच्या डोंगरांत बंडखोरांच्या मागावर गेली आणि निवृत्त होऊन रोह्याशेजारच्या अष्टमी गावात घर बांधल्यावर उरलेली सगळी हुशारी त्यांनी स्वतःच्या पुंजीच्या रक्षणाला लावली. थोडं पोस्टात, थोडं बँकेत, थोडं शेअरमध्ये, थोडं मामींच्या गळ्यात. "सगळी पलटण एका गाडीत बसवायची नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं आणि ते पैशापुरतं नव्हतं. पेणला आमच्याकडे कार्य असलं की मामी रेल्वेने यायच्या आणि मामा एसटीने. मामी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाकी संसार बरा झाला गो, पण प्रवासात बोलायला मला नेहमी परकी बाईच मिळाली."

शेअर घेण्याआधी ते कंपनीचा ताळेबंद वाचत नसत. "ताळेबंद साहेब लिहितो. शिफ्टवरून सुटलेला माणूस काही लिहीत नाही, त्याला विचारावं लागतं." मग कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर आठवडाभर टेहळणी चालायची. एकदा टपरीवाल्याने कामगारांची उधारी बंद केल्याचं कळताच त्यांनी त्याच दुपारी शेअर विकून टाकले आणि पुढे त्या कंपनीला खरोखरच टाळं लागलं. ही गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगत. दुसऱ्या एका कंपनीचा वॉचमन सलग तीन दिवस तोंड पाडून बसलेला पाहून तिचेही शेअर त्यांनी विकले होते. त्या वॉचमनची दाढ दुखत होती. दाढ निघाली, शेअर तिप्पट झाले. ही गोष्ट मात्र मामी सांगत.

माझ्या सासूबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. गडबजवळच्या खाडीकाठच्या गावात त्या एकट्या राहतात. महामार्ग रुंद करताना त्यांच्या शेताचा मोठा तुकडा गेला आणि मोबदल्याची रक्कम हातात आली. उरलेलं आयुष्य त्या रकमेवरच काढायचं होतं. गावात बऱ्याच जणांचं असंच झालं होतं. मग अर्थातच दामदुप्पट योजना घेऊन एक माणूस उगवला. मोठा गोड माणूस. म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यायचा, आजाऱ्याला मोटारसायकलवर बसवून पेणला न्यायचा, मयताला खांदा द्यायचा. मामांनी त्याला लांबून दोन दिवस पाहिलं आणि चिंतेत पडून मला म्हणाले, "जावईबापू, हा शिकलेला गडी आहे. गावाचं मन धरायला आम्हाला तिकडे तीन वर्षं लागली. यानं तीन महिन्यांत धरलं."

हे कळूनही त्यांनी केलं काय, तर देवळात सभा घेतली. इथे खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर शेती उभी असते, म्हणून बांधाचाच दाखला दिला. एकाच बांधावर भरवसा ठेवू नका, बाहेरचा फुटला तर आतला हवा, सगळं एका ठिकाणी ठेवू नका. लोकांनी माना डोलावल्या. मामा खुशीत अष्टमीला परतले आणि पुढच्या आठवड्यात अख्ख्या गावाने बँकेतली निम्मी रक्कम काढून त्या माणसाकडे नेऊन दिली.

"दादा, तूच सांगितलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "आता अर्धं ब्यांकेत हाय, अर्धं त्याच्याकडं."

मामा चपलांसकट ओटीवर चढले. "अगो यमू, उधाणाच्या वाटेवर अर्धं घर बांधलंस तू. आजच्या आज मागून घे."

"नाय मागणार. मी तापानं फणफणले तेव्हा तो चार दिवस औषध आनून देत व्हता. तू कवा आलास रे माझ्या तापाला?"

सासूबाईंचं म्हणणं खरं होतं आणि ते मलाही लागू होतं.

शिमग्याच्या आधी तो माणूस पसार झाला. गावाचा सगळा राग निघाला तो सुभेदारांवर. दुसरा कोणी असता तर अष्टमी सोडून इकडे फिरकला नसता. मामा ट्रंक घेऊन बहिणीच्या घरी राहायला आले. मी म्हटलं, "मामा, आता काय उपयोग?" ते म्हणाले, "चौकी पडली की तिथंच पुन्हा उभी करायची. निघून गेलं तर लोकांना कळतं, हे पाहुणे होते. गोळीनं कोणी जिंकत नाही जावईबापू, मुक्कामानं जिंकतात."

सुरुवातीला त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. त्यांनी लोकांचे तक्रारअर्ज लिहिले, पेणला त्यांच्याबरोबर खेपा घातल्या. उधाणाने बांधाला खांड पाडली तेव्हा सत्तरीचे मामा कमरेएवढ्या चिखलात उभे राहून गावकऱ्यांच्या हातात मातीची ढेकळं देत होते. मला भेटले की जिंकलेला मुलूख सांगायचे: "आता चार घरांत चहा मिळतो." मी विचारलं, त्यात आईंचं घर धरलंय का? "बहिणीचा चहा धरत नाहीत. तो सक्तीचा असतो." सासूबाई त्यांना जेवायला वाढायच्या, पण बोलत नसत. नंतर त्यांना पुन्हा ताप आला. मामा तीन दिवस उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिले. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, जेवलास का?" हे वाक्य सुभेदारांनी मला दोनदा सांगितलं. बुडालेले पैसे परत आले नाहीत.

गेल्या वर्षी त्याच घरात मामा वारले. मला त्यांची फार आठवण येते.

यंदा आणखी एक माणूस गावात आला. मोबाइलवर पैसे तिप्पट करून देणारा. सासूबाईंनी त्याला ओटीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या दादाला इचारून सांगते." तो शेजारी गेला. शेजारी म्हणाले, "आधी सुभेदारांशी बोला." कुठे भेटतील, तर पुढच्या घरी उत्तर मिळालं, "अष्टमीला गेलेत, येतील." तो तीनदा आला, तिन्ही वेळा त्याला घरोघर हेच ऐकायला मिळालं, आणि मग यायचा थांबला.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "आई, मामा गेले हे त्याला एकानंही सांगितलं नाही?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला कशाला सांगायचं? गावात अजून कोन दादा गेला असं बोलत नाय."