तावडे ड्रम बदलतात काय?

माझा स्वभाव संशयी नाही. लोक विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

करी रोडच्या आमच्या खोलीत सुजाताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, लेझर प्रिंटर आहे. कॉलेजचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या नोटिसा, लग्नाचे बायोडेटा अशी कामं ती घरूनच करते. मध्यंतरी छपाई इतकी फिकी झाली, की मजकूर आहे की नाही हे पानाला विचारावं लागे! शाईच्या पावडरीचं नवीन कार्ट्रिज घ्यायचं तर त्या पैशांत अजून एक प्रिंटर आला असता. म्हणून सुजाता म्हणाली, "चिंचपोकळीला तावडे आहेत ना, ते पावडर भरून देतात. स्वस्तात."

स्वस्तात! माझे कान टवकारले. ऑफिसातल्या कदमने मला पूर्वीच सावध केलं होतं, "भाऊ, हे लोक आतला चांगला ड्रम काढून घेतात आणि भंगारातला घालतात. कळत पण नाय!"

ड्रम म्हणजे कार्ट्रिजमधली ती हिरवी चकचकीत नळी. सुजाता बाजारात गेल्यावर मी झाकण वर केलं आणि तिच्या नेलपॉलिशने नळीवर एक सुबक ठिपका काढला. (कडेला काढला तर तावडे पुसून टाकतील, म्हणून बरोब्बर मधोमध.) आता बदला म्हणावं!

कार्ट्रिज तावड्यांकडे दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "साहेब, पावडर भरली. पण ड्रम गेलाय. बदलूया, जास्त खर्च नाय."

सापडला चोर! मी कडक आवाजात म्हणालो, "तोच ड्रम पाहिजे मला. तोच!"

"अवो, पण त्याच्यावर..."

"तावडे, तोच!"

कार्ट्रिज आणलं, झाकण उघडलं. ठिपका जागच्या जागी! विजयाच्या भरात मी सुजाताच्या धाकट्या बहिणीचे, वर्षाचे, बायोडेटा स्वतः छापले, नीट न बघता पाकिटात घातले आणि सासऱ्यांना देऊन आलो. त्यांनी ते त्याच दिवशी चार स्थळांकडे पोचवले.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, वर्षाच्या नाकावर हे काय?"

"नाकावर?"

"मुलाची आई विचारते, चामखीळ जन्मापासूनची आहे का म्हणून!"

उरलेली पानं पाहिली. प्रत्येकावर तीन काळे ठिपके, सारख्या अंतरावर. पहिला फोटोतल्या वर्षाच्या नाकावर, दुसरा तिच्या पदवीवर आणि तिसरा मोबाइल नंबरच्या शेवटच्या आकड्यावर. मागून वर्षाचाही फोन आला. ती रडत होती की ओरडत होती, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

"तावड्यांनी सूड घेतला!" मी जाहीर केलं. कार्ट्रिज आणि एक बायोडेटा उचलला, सुजाताला घेऊन तडक चिंचपोकळी गाठली आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा गरजलो, "ड्रमला काय केलंत तुम्ही?"

तावड्यांनी नळी बाहेर काढली, बायोडेटा टेबलावर पसरला आणि नळी त्यावरून हळूहळू फिरवली. नळीवरचा ठिपका वर्षाच्या नाकावर टेकला. एक फेरा झाला, पदवीवर टेकला. आणखी एक फेरा, मोबाइल नंबर!

"याच्यावर बोट पण लावायचं नसतं, साहेब," तावडे शांतपणे म्हणाले. "आणि कोणीतरी नेलपॉलिश लावलंय. हेच फोनवर सांगत होतो, तर तुम्ही 'तोच, तोच!'"

सुजाताने वाकून ठिपका पाहिला. मग स्वतःची नखं पाहिली. मग मला पाहिलं. त्या गल्लीत पळायला दोन्ही बाजूंनी वाट आहे, हे तेव्हा सुचलं असतं तर!

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही...?"

"खूण केली होती," मी पुटपुटलो. "सुरक्षेसाठी."

तावड्यांनी दहा मिनिटांत नवा ड्रम बसवला. नवे बायोडेटा घेऊन मी स्वतः चारही घरी गेलो आणि वर्षाचं नाक स्वच्छ असल्याची ग्वाही दिली. (एका घरी त्यांनी मलाच विचारलं, "वेडेपणा तुमच्याकडे आहे की सासुरवाडीकडे?")

कार्ट्रिज परत देताना तावड्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली होती. सुजाता ती कुणालाही काढू देत नाही. तावड्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : 'ऊन, ओलावा आणि मालक यांपासून दूर ठेवावे.'