रुमालाखालची हिरवी मिरची

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्याजोगी वेळ आली नाही असं नव्हे. पुष्कळदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी तरबेज आहे. जन्मभर मास्तरकी केली, ती काय उगाच? तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही दोंडाईच्याचे नाही आणि पारसला ओळखत नाही.

पारस माझा मित्र. केसरशेठचा मुलगा. शेठच्या वडिलांनी राजस्थानातून येऊन दोंडाईच्यात मिरचीची आडत टाकली होती. मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, शिकायला म्हणून मामाकडे राहिलेला. शाळेत आम्ही एका बाकावर. तो माझे निबंध उतरवायचा, मी त्याची गणितं. मॅट्रिकनंतर तो आडतीत बसला आणि मी नोकरीच्या मागे लागलो, तरी संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरायला जाणं काही सुटलं नाही.

पासष्टची लढाई संपून समझोता झाला होता. वर्तमानपत्रांत एकच वाद चालू होता — पाकिस्तानशी बंद केलेला व्यापार पुन्हा सुरू करावा की कायमचा तोडावा? आमच्या बाजारात हा वाद दिल्लीपेक्षा जास्त तिखट होता. आमची मिरची मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातून कराचीला जाते, असं लोक म्हणत. खरंखोटं कोणाला माहीत? पण ज्याचा पुतण्या सीमेवर होता, त्याला मिरचीच्या ढिगाकडे बघूनसुद्धा राग यायचा. केसरशेठांनी तर लढाई सुरू होताच मुंबईच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला होता की माझा माल तिकडे जाणार असेल तर मला तुमचा सौदा नको. हे त्यांनी गाजावाजा न करता केलं. त्यामुळे ते कोणाला कळलंच नाही.

वाचनालयात दर हिवाळ्यात वादविवाद व्हायचा. त्या वर्षी विषय हाच ठरला. वाचनालयाचे अध्यक्ष होते नाना — म्हातारे वकील, हौशी माणूस. बाजू ठरवण्याची त्यांची एक खास रीत होती, ती त्यांनी बाजारातून उचललेली. मिरचीचा भाव जसा रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून ठरतो, तसा नाना टेबलावर रुमाल अंथरायचे आणि त्याखाली दोन मिरच्या ठेवायचे. एक लाल, एक हिरवी. दोन्ही वक्त्यांनी एकदमच हात घालायचा, पहिली लागेल ती उचलायची, चाचपायचं नाही. लाल आली तर ठरावाच्या बाजूने, हिरवी आली तर विरुद्ध. लोकांना ही गंमत भाषणांपेक्षा जास्त आवडायची.

आता सांगतो. म्हणजे — सांगायला सुरुवात करतो.

ठराव होता व्यापार कायमचा तोडण्याचा. वक्ते आम्ही दोघं, मी आणि पारस. मी रुमालाखाली हात घातला आणि बोटांना गार, गुळगुळीत साल लागली. हिरवी. वाळलेली लाल मिरची हाताला कुरकुरते, हे दोंडाईच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. समोर खच्चून गर्दी होती. पहिल्या रांगेत हमालांचा मुकादम, त्याच्या शेजारी सीमेवरच्या जवानाचा काका. आणि नाना. हायस्कूलच्या कमिटीवरही नानाच होते आणि माझा अर्ज त्यांच्यापुढे पडला होता. मी पारसची बोटं धरली. दोनदा दाबली. आडत्याचाच मुलगा तो, त्याला कळलं. त्याने मूठ उघडली, लाल मिरची माझ्या हातात सरकवली आणि माझी हिरवी घेतली. एवढंच. माझ्याकडे बघून किंचित हसलाही.

गंमत पाहा — मनातून मी हिरव्या बाजूचाच होतो. फिरायला जाताना मीच त्याला सांगायचो, व्यापार तोडल्याने राज्य करणाऱ्यांचं जेवण काही अळणी होत नाही; तिकडचा गरीब महागाईत मरतो आणि इकडच्या हमालाचं काम जातं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, तुझं डोकं ठीक आहे, पण माझं मन मानत नाही. त्या संध्याकाळी त्याने माझंच बोलणं जसंच्या तसं मांडलं. स्वतःचा एकही मुद्दा त्याच्याकडे नव्हता, असणार कुठून? मी मात्र जवानांच्या रक्तावर बोललो, शत्रूच्या ताटात आपली मिरची कशाला म्हणून विचारलं, आणि टाळ्यांनी पत्रे वाजले. मला त्या टाळ्या आवडल्या, हेही सांगून टाकतो.

पण पहिली रांग बाजारातली होती. रुमालाखाली सौदा झाला की नाही, हे कापडाच्या हालचालीवरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. सभा संपली आणि मुकादम उठून उभा राहिला. रुमालाखाली अदलाबदल झाली, म्हणाला. कोणी मागितली, ते तेवढं सांगा. पण त्याचा निकाल आधीच झाला होता: व्यापार चालू राहावा असं व्यापाऱ्याच्या पोरालाच वाटणार. तो पारसकडे बघून म्हणाला, "आम्हले बठ्ठं माहीत शे. शेठना पोऱ्यानी मांगी लिधी."

नानांनी मला विचारलं. पारसला नाही, मला. "यशवंता, कोणी मागितली?"

मी म्हणालो, "पारसने."

पारस माझ्या शेजारीच उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? मी वर्षानुवर्षं त्याचं उत्तर शोधायच्या बहाण्याने स्वतःचं उत्तर टाळलं आहे. कदाचित त्याला वाटलं असेल, मी उद्या सकाळी शुद्धीवर येईन आणि सगळं निस्तरीन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या घरातून बाहेरच पडलो नाही.

हमालांनी शेठचा माल उचलायचा बंद केला. आणखी कोणाचा नाही, फक्त त्यांचा. ऐन हंगाम होता. ढीग तसेच पडून राहिले आणि अवकाळी पावसाने काळे पडले. ते शेठने सोसलं. जे सोसलं नाही ते वेगळंच. आपण ज्या गोष्टीवर पाणी सोडलं, तिचीच वकिली आपल्या मुलाने भर सभेत करावी, आणि तीही मागून घेऊन! चुकून वाट्याला आली असती तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. मागून घेतली, हे त्यांना लागलं. पारसने घरी खरं सांगितलं होतं. पण सभेत गप्प बसून घरी येऊन मित्राचं नाव घेणारा मुलगा त्यांना आणखीच हलका वाटला. बापलेकांचं बोलणं तुटलं. पारस जळगावला निघून गेला आणि तिथे कटलरीचं छोटं दुकान टाकलं. मला हायस्कूलात नोकरी लागली.

मी जळगावला गेलो की त्याच्या दुकानी जायचो. जायचो, हो. चहा प्यायचो. त्याने तो विषय कधीच काढला नाही आणि मी तर विषय बदलण्यात पटाईत.

मग एकाहत्तरची लढाई झाली. पुन्हा तीच भाषणं, आणि आता ती शाळेच्या पटांगणात मी करत होतो. अशातच एका दुपारी केसरशेठांचा गडी मला बोलवायला आला. शेठ अंथरुणाला खिळले होते. आवाज खोल गेलेला, पण शुद्ध चांगली होती. त्यांनी गड्याला बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवलं.

"बेटा, तेव्हा तू गर्दीत बोललास. आता इथे कोणी नाही," ते म्हणाले. "पारसने खरंच मागून घेतली होती का? नसेल, तर आजच माणूस पाठवून त्याला बोलावून घेतो. माझ्या मनात फार आहे."

खोलीत खरंच कोणी नव्हतं. मुकादम नाही, नाना नाहीत, नोकरी कायम झालेली. मला कोणाचं भय होतं? जळगावची गाडी संध्याकाळी होती, माणूस रात्रीपर्यंत पोहोचला असता. मी शेठच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं — हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्यांच्या तोंडाकडे बघणं मला टाळायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "मागून घेतली होती."

त्यांनी मान हलवली. गड्याला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं. मी तो चहा प्यालो.

त्याच आठवड्यात ते गेले. तार मिळून पारस आला, तोवर सगळं संपलं होतं. त्याने विधी केले, आल्यागेल्यांपुढे हात जोडले. नंतर ओटीवर माझ्याशेजारी येऊन बसला. तू बाबूजींना भेटला होतास असं गडी म्हणाला, असं त्याने सांगितलं. मी होकार दिला. मग त्याने विचारलं, "माझी आठवण काढली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

काढली होती. त्याला बोलावून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी त्यांना फक्त माझा एक नकार हवा होता. तो नकार मी त्यांना दिला नाही; त्यांच्या मुलाला दिला. पारस म्हणाला, बरं. आणि उठून आत गेला.