घोड्याचा खटला आणि आमची ताई

दोस्तहो, कॉलेजच्या या बोर्डापाशी जरा थांबा.

सकाळी सरांनी घोड्याचा खटला शिकवला. काका पुतण्याले भाव सांगून लिहिते, "उत्तर नाही आलं तर या भावात तुझा घोडा माझा." पुतण्या चूप. कोर्ट म्हणते, चूप राहणं म्हणजे होकार नाही. करार झालाच नाही.

दुपारी घरी गेलो, तर मामा काटोलच्या पाहुण्यांले ताईचा होकार कळवाले निघाले होते. "पोरगी चूप हाय, म्हणजे पसंत हाय!"

मी त्यांले हाच खटला ऐकवला.

ताई म्हणाली, "काहून गा, तिथं चूप कोण होतं? मालक का घोडा?"

"मालक."

"मंग घोड्याले कोणी विचारलं?"

मामा दारातच थांबले. "बरं, सांग वं. पसंत हाय?"

"नाही."

दोन वर्षांपासून कायदा शिकून राहिलो, पण ताईले हे मीही कधी विचारलं नव्हतं. तुम्ही घरी विचारलं का?