अनवाणी काकू

आमच्या डब्लिनच्या बिल्डिंगमधल्या काकू कॉलेजात रोमँटिक कविता शिकवतात. कुणालाही थांबवून सांगतात, "अगं, लहानपणी पायाला लागलेलं गवत म्हातारपणी सांभाळतं!" म्हणून रोज संध्याकाळी चार वर्षांच्या नातीचे बूट काढून तिला लॉनवर सोडतात. मला यार कायम टेन्शन, किडे, काचा, काय काय! काल तर औषध फवारल्याची पिवळी झेंडी लावलेली आणि काकूंचं लक्षच नाही. मी इतकी जोरात किंचाळले की पोरगी थिजलीच. लगेच पाय धुतले, काही झालं नाही.

आज झेंडी नव्हती, तरी पोरगी माझ्याशेजारी सिमेंटवरच, गवतात उतरेना. "नो, आजी. ग्रास इज बॅड."

काकूंनी स्वतःच्या चपला काढल्या, गवतात उतरल्या आणि हात पुढे केला. "ये ना गं सोन्या. बघ, मी आहे ना?"

पोरीने माझा हात घट्ट धरला.