पांढरा मारा

पेंटरबुवा,

तुमच्याविषयी लिहितेय. तोंड वाकडं करू नका. माझ्या खोलीबाहेरचं ‘मुख्याध्यापिका’ तुम्ही तीनदा पुसलंत, तेव्हा मी केलं नव्हतं.

नव्यानं सुरुवात करायची तर लोक पाटी कोरी करतात. तो वाक्प्रचार शाळेतला: थुंकी लावली, तळहात फिरवला, झालं. आमच्या गल्लीत म्हणतात, ‘पांढरा मारा’. भाजी करपली, पांढरा मारा. सोयरीक फिसकटली, पांढरा मारा. हे शब्द पेंटरबुवांचे. एक अक्षर चुकलं तरी ते डागडुजी करत नसत; अख्ख्या फलकाला पांढरा हात देऊन पहिल्यापासून लिहीत.

यावरूनच बुवांचं जोडीनं काम करणाऱ्या धाकट्या भावाशी बिनसलं. दातांच्या डॉक्टरांच्या फलकावर बुवांनी पहिली अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटची दातावर दात आल्यासारखी दाटली.

“पांढरा मारा!” बुवा म्हणाले.

“दादा, गिऱ्हाईक दारात उभंय. शेवटची दोन पुसू.”

“मला शिकवतोस?”

डॉक्टर म्हणाले, “राहू द्या की, धंद्याला शोभतंय.” झालं! धाकट्यानं रेघ आखायची खडूची दोरी खाली टाकली आणि रंगाच्या दुकानात नोकरी धरली.

रागाच्या भरात बुवांनी स्वतःच्या ‘दोघे भाऊ पेंटर’ या फलकावरचे पहिले दोन शब्द तेवढे पांढरे केले. जन्मात न केलेली डागडुजी, तीही स्वतःच्याच दारावर! दर उन्हाळ्यात काळी अक्षरं वर येत. “बुवा, भाऊ डोकावतायत!” गल्ली ओरडे. बुवा वर बघत नसत. दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधून रेघ मारत. रेघ तिरकी जाई. रंग आणायला कायम दुसऱ्याला धाडत. नऊ वर्षं!

एके दिवशी मलाच म्हणाले, “बाई, पांढऱ्याचा मोठा डबा आणा. अख्खा फलक पांढरा करतो, एकट्याचं नाव लिहितो.”

रंगाच्या दुकानात गल्ल्यामागे धाकटा. “कुठल्या कामाला, बाई?”

“तुमच्यावर मारायला.”

त्यानं काढलेला डबा परत फळीवर ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, “अख्खा फलक? दोरी कोण धरणार?”

“खिळा.”

“खिळा!” त्यानं मालकाला हाक मारली आणि माझ्या पुढं चालायला लागला.

बुवा शिडीवर होते. वरूनच ओरडले, “डबा कुठाय?”

“आधी खाली उतर, दादा. शिडी हलतेय.”

बुवांनी खाली पाहिलं, मग समोर फलकाकडे. ‘दोघे भाऊ’ फिकट, पण स्वच्छ वाचता येत होतं.

“अक्षर तेव्हा बरं होतं माझं,” बुवा म्हणाले.

“‘भाऊ’ मी लिहिलं होतं.”

“म्हणूनच वाकडं आहे. धर दोरी.”

बुवा, तो डबा आणायचा राहिलाच. तुम्हीही पुन्हा मागितला नाहीत.